सूर, खियाम आणि एक शेळी

९ एप्रिल २०१९, मंगळवार. सूर.

दक्षिण लेबनॉनमधलं किनाऱ्यावरचं शहर. नकाशावर टायर. इथली माणसं सूर म्हणतात, आणि पलटणीतही आम्ही सूरच म्हणायचो. २००१ साली, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय पलटणीबरोबर लेबनॉनमध्ये होतो तेव्हा, युनिटच्या बसनं एक दिवस इथं आणलं होतं. त्या दिवसाचा फोटो घरी भिंतीवर आहे : रोमन कमान, खाली आम्ही नऊ जण, डोक्यावर निळ्या टोप्या. पण खरं सांगायचं तर ती कमान मला आठवतच नव्हती. आठवत होती ती पलीकडच्या घरांची छपरं आणि त्यांवरच्या पाण्याच्या टाक्या. त्या दिवसांत कुठंही उभं राहिलं की आधी आडोसा बघायचा, मग समोरची छपरं मोजायची. दोन हजार वर्षांचे खांब असोत नाहीतर काहीही, आमच्या लेखी तो आडोसाच.

आज मात्र रथांच्या शर्यतीच्या मैदानात तासभर नुसता बसलो. मैदान जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. दगडी पायऱ्यांच्या फटींतून गवत वर आलंय, मधेमधे लाल फुलं. वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी शवपेट्या, त्यांवर बारीक कोरीव काम. सौ. एकेक पेटी हात फिरवून बघत होती. मग कुंपणापलीकडे बघून म्हणाली, "अहो, इथं थडग्यांना एवढी नक्षी, आणि त्या घरांना साधा गिलावासुद्धा नाही." ती पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी. अवशेषांना अगदी खेटून आहे.

तिला सिकंदराचा वेढा सांगितला. वेढा म्हटलं की आम्हा सातारकरांना सांगायला हुरूप येतो. इसवी सनापूर्वी ३३२. तेव्हा सूर हे बेट होतं. शहर हाती लागेना, तेव्हा त्यानं किनाऱ्यावरचं जुनं गाव पाडून त्याच्या दगडमातीचा समुद्रात बांध घातला, आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतलं. पुढे त्या बांधाला वाळू धरत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं. आपण ज्या रस्त्यानं आत आलो तो त्यावरूनच, म्हणालो. ती म्हणाली, "मग ज्यांची घरं पाडली ते कुठं गेले?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

१० एप्रिल, बुधवार. सैदा.

इस्रायलच्या सीमेकडं जायला परदेशी माणसाला लष्कराचा परवाना लागतो. पासपोर्ट, झेरॉक्स, बाकड्यावर दोन तास. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, तिकडं बघण्यासारखं काय आहे? पर्यटन, एवढंच म्हणालो. परवाना मिळाला.

११ एप्रिल, गुरुवार. मर्जायून, खियाम.

खर्दालीच्या पुलावर लिटानी नदी ओलांडली. मान वर केली तर कड्याच्या टोकावर शकीफचा किल्ला. त्याला बोफोर्टही म्हणतात, क्रुसेडवाल्यांनी बांधलेला. आमच्याकडचा वाटावा असा बेलाग. समोर हर्मोनवर बर्फ तसंच. इथं त्याला शेखचा डोंगर म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्याचा. आता आमचं दोघांचं डोकं सारखंच पांढरं.

खियामचा तुरुंग सौ.ला दाखवायचा होता. फ्रेंचांनी १९३३ साली बांधलेली बराक, १९८५ पासून तुरुंग. मे २०००मध्ये इस्रायली फौज दक्षिण लेबनॉनमधून माघारी जाताना गावकऱ्यांनी दारं फोडून कैदी सोडवले. वर्षभरानं आम्ही गेलो तेव्हा तिथं संग्रहालय झालं होतं. आत एकेकाळी कैदी असलेलाच एक माणूस फिरवून दाखवत होता. कोठड्यांत घोंगड्या तशाच पडलेल्या. मी घरी पाठवलेल्या पत्रात दोन पानं त्यावरच होती.

"कुठंय?"

"इथंच होतं."

जुलै २००६च्या इस्रायली बॉम्बफेकीत सगळं भुईसपाट. काँक्रीटचे तुकडे, वाकलेल्या सळ्या, मधून उगवलेली बाभळीसारखी झुडपं. सूरचे खांब माझ्या फोटोत होते तसेच उभे सापडले, आणि मी ज्या इमारतीत छताखाली उभा राहिलो होतो ती उकिरडा झालेली. त्याच महिन्यात, २५ तारखेला, खियामच्याच चौकीत संयुक्त राष्ट्रांचे चार निःशस्त्र निरीक्षक गेले. ऑस्ट्रिया, कॅनडा, चीन, फिनलंड, एकेका देशाचा एकेक. टोपी आमचीच. मी तेव्हा पेन्शनीवर होतो, गावच्या टीव्हीवर बातमी बघितली आणि उठून रानात गेलो होतो.

सौ.नं एक खडा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. काही बोलली नाही.

संध्याकाळी इबल अस-साकी. आमच्या बटालियनचं गाव. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून चौकात उगाच तीन चकरा मारल्या. कुणी नाही. शेवटी जैतुनाच्या बांधावर एक म्हातारा भेटला. "हिंदी?" म्हणाला. अरबीत भारतीयाला हिंदीच म्हणतात. मी मान डोलावली. तसा तो खुलला : "बैतार? बैतार?"

बैतार म्हणजे जनावरांचा डॉक्टर. भारतीय पलटण म्हटली की त्याला आठवत होता तो गुरांचा दवाखाना. आमच्या रात्रीच्या गस्ती नव्हेत. नाही म्हणेपर्यंत त्यानं माझा दंड धरून गोठ्यात नेलं. एक शेळी पुढचा पाय उचलून धरत होती.

सौ. हसत होती. "बघा की आता," म्हणाली.

खाली बसलो. खुरात खडा रुतून पिकलं होतं. गरम पाणी मागितलं.