भाडं स्वस्त, फाटक महाग: जोहान्सबर्ग की दुबई, आमचा हिशेब

हातात दोन ऑफर होत्या. जोहान्सबर्गची महिना ८०,००० रँडची, दुबईची महिना १६,००० दिरहमची. माणसं तीन, त्यात एक मूल तिसरीतलं. रँड ५ रुपये आणि दिरहम २४ रुपये धरला, तर पहिला पगार ४ लाख आणि दुसरा ३ लाख ८४ हजार. कागदावर जवळपास बरोबरी. जोहान्सबर्गला भाडं कमी, हवा पुण्यासारखी, बंगले प्रशस्त. दुबईत भाडं ऐकूनच घाम फुटतो. मग अवघड काय होतं? अवघड हे होतं की एका शहरात सुरक्षितता भाड्यातच धरलेली असते, दुसऱ्यात ती सुटी विकत घ्यावी लागते. ती सुटी किंमत काढण्यात आमचे दोन महिने गेले.

पहिली चूक इंटरनेटवरच्या निर्देशांकांनी झाली. दोन शहरांची तुलना करून देणाऱ्या लोकप्रिय साइटवरचा सुरक्षिततेचा आकडा पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला नसतो. तिथे येणारे लोक ‘रात्री एकटं चालायला भीती वाटते का’ अशा प्रश्नांना जी उत्तरं देतात, त्यांची ती सरासरी असते. भीतीचा अंदाज म्हणून ती ठीक आहे, घर निवडायला तिचा काही उपयोग नाही.

मग सरकारी आकडे घेतले. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ मध्ये २७,४९४ खून झाले. संख्या जवळपास तेवढीच, पण तिथली लोकसंख्या आपल्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. लाखामागे आपल्याकडे २ च्या जवळ, तिथे ४५ च्या जवळ. तुलनेसाठी खुनाचाच आकडा घ्यावा. चोरी किंवा छेडछाड किती नोंदली जाते हे लोकांचा पोलिसांवर किती विश्वास आहे त्यावर ठरतं, खून सहसा लपत नाही.

पण देशाची सरासरी पाहून घाबरणं हीही चूकच. तिथले पोलीस दर तिमाहीला पोलीस ठाण्यानुसार आकडे प्रसिद्ध करतात. ती एक्सेल फाइल उतरवून घ्या आणि ज्या भागात घर बघताय त्या ठाण्याचे तीनच रकाने वाचा: गाडी हिसकावणं, घरात घुसून लूट, दुकान किंवा कार्यालयात लूट. तिथे या तिघांना मिळून ‘ट्रिओ क्राइम’ म्हणतात आणि नोकरदार कुटुंबाला खरा धोका यांचाच. शहराच्या मध्यवर्ती ठाण्यांचे आकडे फुगलेले दिसतात, कारण दिवसा तिथे लाखो लोक येतात आणि राहणारे थोडे. केपटाउनचे खून बरेचसे केप फ्लॅट्स या गरीब वस्त्यांच्या पट्ट्यातल्या मोजक्या ठाण्यांत एकवटलेले आहेत. त्याच शहरात रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहताहेत. एका शहरात दोन-तीन शहरं असतात आणि आपण कुठल्या शहरात भाडं भरणार हे आधी ठरवावं लागतं.

दुबईसाठी गल्लीनिहाय असे आकडे मिळत नाहीत. तेव्हा दोन्हीकडे लावता येईल अशी एक फूटपट्टी शोधली: विम्याचा फॉर्म. विमा कंपनी स्वतःचे पैसे लावून पैज मारते, त्यामुळे तिचे प्रश्न प्रामाणिक असतात. जोहान्सबर्गच्या मोटार विम्याच्या फॉर्मवर रात्री गाडी कुठे ठेवता, फाटकाच्या आत की रस्त्यावर, गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर बसवलाय का, असं विचारतात. बऱ्याच गाड्यांना ट्रॅकरशिवाय चोरीचं संरक्षण मिळतच नाही. घरातल्या सामानाच्या विम्याला खिडक्यांचे गज, अलार्म, आर्म्ड रिस्पॉन्सचा, म्हणजे अलार्म वाजला की धावून येणाऱ्या सशस्त्र रक्षकांचा, करार लागतो. दंगलीतलं नुकसान तर साध्या पॉलिसीत येतच नाही, त्यासाठी ‘सासरिया’ या सरकारी कंपनीचं संरक्षण आहे का ते बघावं लागतं. जुलै २०२१ च्या हिंसाचारात ३०० हून अधिक माणसं गेली, तेव्हा ज्यांच्या पॉलिसीत ही ओळ नव्हती त्यांना तिचं महत्त्व कळलं. दुबईच्या फॉर्मवर रात्री गाडी कुठे ठेवता हा प्रश्न आम्हाला दिसला नाही.

यानंतर खरं काम केलं ते फेऱ्यांच्या यादीने. आठवड्यात घरातलं कोण, किती वाजता, कशाने, कुठे जातं, हे सगळं लिहून काढलं. शाळा, ऑफिस, संध्याकाळी पाचचा क्लास, सातची भाजी, रात्री अकराला मुलाला ताप आला तर दवाखाना. बावीस फेऱ्या निघाल्या. प्रत्येक फेरीसमोर ती तिथे सुरक्षितपणे करायला किती पैसे लागतील तो आकडा लिहिला. खर्चाच्या पहिल्या तक्त्यात आपण घर कसं चालवणार एवढंच धरतो, घराबाहेर कसे पडणार हे धरायचं राहून जातं.

जोहान्सबर्गचा पहिला तक्ता असा होता. ८०,००० वर कर साधारण २२,००० रँड, बेकारी विम्याचे १७७, हातात ५७,८००. साधं घर १०,०००, वीज-पाणी २,५००, तिघांचा मेडिकल एड म्हणजे खासगी आरोग्य विमा ८,५००, टॅक्सी ४,०००, किराणा ८,०००, शाळा ९,०००, फोन-इंटरनेट १,५००. बेरीज ४३,५००, शिल्लक १४,३००. छान.

फेऱ्यांची यादी समोर ठेवल्यावर साधं घर गेलं. शहराच्या उत्तरेला मिडरँड किंवा फोरवेजकडे चोवीस तास पहारा, विजेचं कुंपण आणि एकच फाटक असलेल्या इस्टेटमध्ये १५,५००. नव्या माणसाला मिनीबस टॅक्सीचे मार्ग आणि ती थांबवायचे हातवारे कळत नाहीत, संध्याकाळी तर नकोच. म्हणजे स्वतःची गाडी: हप्ता आणि पेट्रोल मिळून ६,५००, विमा १,५००, ट्रॅकर २००. इन्व्हर्टरचे महिना ६०० सुरक्षिततेत का धरले ते सांगतो. २०२३ मध्ये तिथे लोडशेडिंगने कळस गाठला होता. मार्च २०२४ अखेरपासून बराच दिलासा मिळाला, पण त्या दिवसांनी एक गोष्ट शिकवली. वीज पुन्हापुन्हा गेली की फाटकाच्या मोटरची आणि कुंपणाची बॅटरी पुरती चार्ज होत नाही. फाटक उघडलं नाही की माणूस गाडी चालू ठेवून खाली उतरतो. गाडी हिसकावणारे याच क्षणाची वाट बघत असतात. म्हणून तिथले लोक फाटक पूर्ण उघडेपर्यंत गाडी रस्त्यालाच समांतर उभी ठेवतात, तोंड फाटकाकडे करत नाहीत. मागून दुसरी गाडी आडवी आली तरी निघायला वाट राहते.

दुसरा तक्ता ५३,८०० वर गेला. शिल्लक ४,००० रँड, म्हणजे २०,००० रुपये. फरक १०,३०० चा, आणि त्यात चैन एकही नाही.

दुबईत उलटं. आयकर नाही, हातात १६,०००. वन बीएचके वर्षाला ७५,००० म्हणजे महिना ६,२५०. वीज-पाणी ४५०, आणि त्याच बिलात वर्षभाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी, महिना ३१२. (विजेच्या खात्याचं नाव ‘देवा’. त्यामुळे तिथल्या मराठी घरांत ‘देवाचं बिल आलं का’ हा प्रश्न कोणालाही विनोदी वाटत नाही.) चिलर, म्हणजे इमारतीच्या मध्यवर्ती एसीचं बिल, ४००. इमारत ‘चिलर फ्री’ आहे का, म्हणजे हा खर्च भाड्यातच येतो का, हे आधी विचारा, नाहीतर उन्हाळ्यात हाच आकडा दुप्पट होऊ शकतो. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आणि बस १,९००, किराणा २,२००, मेट्रो-टॅक्सी ७००, फोन-इंटरनेट ६००, कुटुंबाचा व्हिसा आणि आरोग्य विमा महिन्यावर पसरून ४००. बेरीज १३,२१२. शिल्लक २,८०० च्या आत, म्हणजे ६७,००० रुपयांच्या आसपास. बावीस फेऱ्यांपैकी सुरक्षिततेसाठी वेगळा पैसा एकाही फेरीला लागला नाही. जून ते सप्टेंबर दुपारी चालत जाणं अशक्य, तेवढ्या टॅक्सीचे पैसे मात्र धरले. मेट्रोत महिला आणि मुलांचा वेगळा डबा आहे.

इथे गोम दुसरीच आहे, पहिल्या दिवसाची. भाडं चार चेकमध्ये ठरलं तर पहिला चेक १८,७५०. अनामत ५ टक्के म्हणजे ३,७५०, एजंटचं कमिशन तेवढंच, ‘देवा’ची अनामत २,०००, भाडेकराराच्या नोंदणीचे म्हणजे इजारीचे सुमारे २२०. एकूण २८,४७०. पहिला पगार व्हायच्या आत जवळपास दोन पगारांएवढी रक्कम हातात हवी. कंपनीकडून आगाऊ मिळते का हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारावं, नंतर कोणी ऐकत नाही. उरलेले तीन चेक पुढच्या तारखांचे असतात. जानेवारी २०२२ पासून शिल्लक नसल्याने चेक परत जाणं हा बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण असा चेक घेऊन घरमालक थेट वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो.

म्हणजे दुबईत भीती रस्त्यावर नाही, कागदात आहे. नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही की ठरावीक मुदतीत देश सोडायचा. अनिवार्य बेकारी विमा बेसिक पगाराच्या ६० टक्के देतो, जास्तीत जास्त तीन महिने, तेही बारा महिने हप्ते भरल्यावर आणि राजीनामा स्वतः दिला नसेल तर. बेसिक ८,००० असेल तर ४,८०० दिरहम, त्यात घरभाडंही निघत नाही. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच: पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, म्हणजे ५,६००. म्हणून ऑफर लेटरमध्ये एकूण पगारापेक्षा बेसिकचा आकडा आधी वाचा. भाड्याचं घर मुदतीआधी सोडलं तर करारानुसार बहुधा दोन महिन्यांचं भाडं दंड. दक्षिण आफ्रिकेत याबाबतीत भाडेकरूचं बरं आहे, ग्राहक संरक्षण कायद्याने कामाच्या २० दिवसांच्या नोटिशीवर करार सोडता येतो, वाजवी भरपाई द्यावी लागते एवढंच. आणि आखातावर युद्धाची सावली नाहीच असं समजू नये. १७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीवरच्या ड्रोन आणि क्षेपणास्त्र हल्ल्यात तिघे गेले, त्यातले दोघे भारतीय होते.

यासाठी तक्त्यात ‘परतीचा फंड’ असा रकाना घातला: तीन महिन्यांचा खर्च, करार मोडण्याचा दंड, तिकिटं. दुबईसाठी तो ५५,००० दिरहम निघाला. २,८०० च्या बचतीने भरायला वीस महिने लागतात, म्हणजे पहिले वीस महिने ‘बचत’ हा शब्दच वापरायचा नाही. जोहान्सबर्गचा फंड फक्त तीन महिन्यांच्या खर्चाचा धरला तरी १,६१,००० रँड, आणि तो भरायला चाळीस महिने. शिवाय दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. रँड मात्र २०११ मध्ये डॉलरला ७ च्या आसपास होता, २०२३ मध्ये १८-१९ ला गेला. उलट बाजूने दुबईचं भाडंही ताणून पाहिलं. नियमाने एका वेळी जास्तीत जास्त २० टक्के वाढ होऊ शकते, तीही ९० दिवस आधी कळवून. ७५,००० चे ९०,००० झाले तर हाउसिंग फीही वाढून शिल्लक १,४७५ च्या आसपास येते. तरीही ती जोहान्सबर्गपेक्षा जास्तच.

मग जोहान्सबर्गच्या कंपनीला पत्र लिहिलं. इथे बरेच जण फसतात. कमतरता १०,३०० ची आहे म्हणून तेवढेच मागतात. पण भत्त्यावर वरच्या टप्प्याचा ४१ टक्के कर लागतो, कंपनीने दिलेल्या घरावरही लागतो. हातात १०,३०० पडायला सुमारे १७,५०० मागावे लागतात. पत्रात रक्कम एकदम न लिहिता ओळीने लिहिलं: इस्टेटच्या भाड्याचा फरक, गाडी, विमा, ट्रॅकर, इन्व्हर्टर, आणि शेवटी करासह बेरीज. उत्तर सभ्य आलं, ८,००० मंजूर. हातात पडणार ४,७००, शिल्लक ८,७०० रँड. पूर्ण मागणी मान्य झाली असती तर दोन्ही पारडी पुन्हा बरोबरीत आली असती आणि घरातलं भांडण लांबलं असतं. एकट्या माणसाने हाच तक्ता भरला तर उत्तर वेगळं येऊ शकतं: रोझबँकला गौट्रेन या वेगवान रेल्वेच्या स्टेशनजवळ छोटा फ्लॅट, फेऱ्या सहा-सात, शाळा नाही.

आम्ही दुबई घेतली. पुढचं काम कागदांचं. पदवीचं प्रमाणपत्र राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास या क्रमाने प्रमाणित करून घ्यायचं, क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. विवाहाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखलाही त्याच वाटेने, नाहीतर कुटुंबाचा व्हिसा अडतो. नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी आधी ताडून घ्या. नेहमीच्या औषधांची यादी करून त्यात कोडीन किंवा ट्रामाडोल आहे का ते पाहा. असेल तर तिथल्या सरकारची परवानगी निघण्याआधी काढायची आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी सोबत ठेवायची. खोकल्याच्या साध्या वाटणाऱ्या बाटलीतही कोडीन असू शकतं. आणि घरून येणारा डबा विमानतळावर जायच्या आधी स्वतः उघडून बघा. तिथे खसखशीला बंदी आहे, आणि आजीने दिलेल्या अनारशांवर ती हमखास असते.