जपून ठेवलीये

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

मनूच्या बाळासाठी गोधडी शिवून दिली होती, तिचा निरोप दुपारी आला. "मावशी, कित्ती सुंदर झालीये गं! कपाटात अगदी जपून ठेवलीये." पुढे तीन बदाम.

जपून ठेवलीये.

दागिना जपून ठेवतात, घराचे कागद जपून ठेवतात. गोधडीवर बाळ शू करतं, मग ती धुवायची, वाळत घालायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्या खाली सरकवायची. कोपरखैरण्याला त्या घरात बाळ आहे, गोधडीही आहे, आणि दोघांची गाठ नाही.

पहिला संशय शिलाईवर गेला. कुठे काही टोचत असेल, कुठे दोरा सुटला असेल. म्हणून मघापासून सगळं मनातल्या मनात उसवून बघतेय.

कापडात खोट नाही. माईंची सुती सहावारी, इतकी धुतलेली की मूळचा रंग आता कुणाला सांगता येणार नाही. बाळाच्या गोधडीला असंच कापड लागतं. नव्या कापडात खळ असते, ते आटायचं बाकी असतं, आणि चार थर एकत्र शिवल्यावर प्रत्येक थर आपल्या मर्जीने आटला तर पहिल्याच धुण्यात गोधडीचा पापड होतो. साडी साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. दोन्हीकडचे काठ काढले. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, ती वेगळी ओढ घेते, शिवाय जर टोचते. फॉलही काढला, तो बहुतेक वेळा भेसळीच्या कापडाचा असतो. उरला ४० इंच पन्हा. चारी बाजूंनी दोन-दोन इंच आत दुमडायला सोडायचे, म्हणजे ३६ बाय ४०च्या गोधडीला ४४ इंचांचा एक तुकडा. असे चार निघतात आणि पदर शिल्लक राहतो. चार थर म्हणजे चौघडीच झाली. थंडी किती पडते इथे ठाण्याला? येऊरकडून वारा आला तर जानेवारीत आठ दिवस. दोन थरांचं दुपटंही चाललं असतं, पण जमिनीवर अंथरायचं तर चार हवेत, नाहीतर फरशी लागते.

थर लावण्यातही काही राहिलं नाही. फरशी पुसून, कोरडी करून त्यावर एकेक थर पसरायचा, मधून कडेकडे तळहाताने सारखा करायचा, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्याकडे खलबत्ता आणि तांदळाचे दोन डबे), मग वीत-वीत अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके. हे कच्चे टाके टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. आपण कडेपासून चौकोनी फेरे घेत आत जातो, तेव्हा सुई प्रत्येक टाक्याला वरचा थर जरासा पुढे ढकलते. ते 'जरासं' साठत साठत मधोमध येतं आणि तिथे पुरीसारखा फुगा होतो. तो दाबून शिवला तर कायमची चुणी पडते, न शिवला तर त्यात धुण्याचं पाणी साठतं. मग उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

दोरा सुतीच. जांभळी नाक्याच्या बाजारात दुकानदार हटकून पॉलिस्टरचा पुढे करतात, "तुटणार नाही बघा" म्हणत. तुटणार नाही हाच तर त्याचा दोष. दोरा कापडापेक्षा चिवट असला की जुन्या मऊ कापडाला तो करवतीसारखा कापत जातो. दोरा तुटला तर दुसरा घालता येतो, कापड कापलं गेलं तर काय घालणार? दोरा खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब घ्यायचा, त्याहून मोठा घेतला की पीळ बसतो आणि गाठी पडतात. मेणावरून एकदा ओढायचा. सुरुवातीला गाठ नाही, दोन उलटे टाके घेऊन शेपूट थरांच्या मधे दडवायचं. बाळाची पाठ त्यावर घासली जाणार असते.

आणि टाका पाव इंचाहून मोठा नको. मोठ्यांच्या वाकळेला अर्ध्या इंचाचा टाकाही खपतो, पण बाळाच्या बोटांत सुटा दोरा गुंडाळला गेला तर बोट करकचून आवळलं जातं, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. आतली बाजूसुद्धा नखाने चाचपून पाहिली होती. एकही फास नाही.

दोन ओळींत अर्धा इंच धरला तर ३६ बाय ४०ला एकूण धावदोरा ८० वार होतो. इंचाला चार टाके म्हणजे साडेअकरा हजार. हा हिशोब करायला नको होता. आकडा काढला की दिलेली वस्तू परत मागितल्यासारखं वाटतं.

तरी पण. जपून ठेवलीये!

एक गोष्ट तिच्या बाजूने धरायला हवी. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर सुटं पांघरूण नको, आजूबाजूला उशा-बिशा नकोत, खाली घट्ट, सपाट गादी हवी, असं हल्ली डॉक्टर बजावून सांगतात. बरोबरच आहे, तान्ह्या बाळाला तोंडावर आलेलं कापड बाजूला करता येत नाही. पण मी कुठे म्हटलं पांघर म्हणून? जागं असताना पालथं टाकायला जमिनीवर अंथर, मांडीवर घे, तेल लावताना खाली घाल. सांगायला हवं होतं बहुतेक. आम्हाला कुणी सांगितलं होतं? (हे वाक्य माईंचं आहे. माझ्या तोंडून कसं आलं देव जाणे.)

तिने दुसरी आणलीये हेही फोटोत मागे दिसलं. विकतची, गुलाबी, आत पॉलिस्टरचा कापूस भरलेली, वर हत्ती. ती घाम शोषत नाही, ऑगस्टमधल्या नवी मुंबईत... असो. मशीनमध्ये टाकली की दोन तासांत वाळते. माझी चौघडी पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस घेते, आणि तिसरा दिवस लागला तर कुबट वास धरते. दीड खोलीत, पाचव्या मजल्यावर, ग्रिलमध्ये तासभर ऊन येत असेल तर मीही हत्तीच घेतले असते कदाचित.

मग खोट कुठे, तर ती वरच्या थरावर आहे. तिथे मला मोह आवरला नाही. चार रंगांच्या खणांचे तुकडे लावले, पदराची पट्टी मधे घेतली, आणि चारी कोपऱ्यांना फुलं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तिकोनी तुकडे असतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. ती नसतील तर कवंदी उघडीनागडी धरतात म्हणे. दोन इंचांचा चौकोन कर्णावर दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, उघड्या कडा गोधडीच्या दुमडीत सरकवायच्या आणि तिथून टाका दुहेरी घ्यायचा. एका कोपऱ्यावर चार थर जास्तीचे येतात, सुई अंगठ्याने ढकलून जात नाही, चिमट्याने ओढावी लागते. एवढं सगळं चार कोपऱ्यांना केलं. का, तर ती उघडताना मनूने "अय्या" म्हणावं म्हणून.

म्हणाली ना मग "अय्या". अय्या म्हटलेल्या वस्तूवर कुणी पोराला शू करू देईल का?

त्याच्यावर मघाशी एकटीच हसले.

आता कपाटात राहायचीच असेल तर निदान नीट राहू दे, म्हणून तिला लांबलचक निरोप पाठवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस, आत दमट धरतं आणि तपकिरी डाग येतात. जुनी सुती उशीची खोळ घे. डांबराच्या गोळ्या नकोत, बाळाच्या कपड्यांत तर अजिबातच नकोत. धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेव. लाकडी फळीला थेट लावू नकोस, मधे कापड घाल. आणि घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदल. एकदा चौपदरी घातलीस तर पुढच्या वेळी तीनपदरी. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं तर सुती कापड तिथेच विरतं, बाकी सगळं धडधाकट असतं आणि घडीच्या रेघेवर सुरी फिरवल्यासारखं फाटतं. धुताना पिळायची नाही, ओल्या गोधडीचं वजन टाक्यांवर येतं. वाळत घालताना एका दोरीवर नको, शेजारच्या दोन दोऱ्यांवर पसर.

हे लिहिताना आमच्या माळ्यावरचं बोचकं आठवलं. माईंच्या नऊवारीतलं. शेवटची घडी कधी बदलली... ते आत्ता नको.

मनूचं उत्तर लगेच आलं. "मावशी, एवढं सगळं? थांब, लिहून घेते." आणि पाचच मिनिटांनी, "तेल लावताना खाली घातली तर डाग पडतील ना गं?"

पडतील. पडू देत, असं लिहिलं आणि खोडलं. तेलाचा डाग ताजा असताना त्यावर बेसन भुरभुरायचं, अर्ध्या तासाने झटकायचं आणि मग साबण लावायचा, एवढंच पाठवलं. डाग पडावा की न पडावा ते तिचं तिने ठरवावं.

संध्याकाळी दुसऱ्या, वापरायच्या गोधडीसाठी कपाटाचा खालचा कप्पा उपसला. ह्यांचं एक धोतर निघालं, दोन गाऊन, एकावर चहाचा डाग आहे तो वरच घेणार आहे, आणि पॉपलीनचे दोन परकर. परकराचं कापड तळाला उत्तम, फरशीवर घासून लवकर विरत नाही. नाडीची शिवण आणि खालची झालर तेवढी उसवायची. खण नाही, फुलं नाहीत. टाका मात्र पाव इंचाचाच. पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवून झोपायचं नाही, सकाळपर्यंत गंजाचा ठिपका उमटतो, हे स्वतःलाच बजावून सुई डबीत ठेवलीये.

लाल परकर मात्र रंग सोडतोय. एकटाच बादलीत भिजत घातला होता, दोनदा पाणी बदललं, अजून गुलाबीच येतंय. उद्या पुन्हा बदलून बघते. पांढऱ्या कपड्याची चिंधी ओली करून त्यावर दाबायची, तिला रंग लागला नाही तरच कात्री लावायची. नाहीतर ह्यांचं धोतर आहेच.