बिडाची फायरप्लेस, नोंद चौथी: हार-कलशांनी फसवलं

तीन शनिवार रंग काढण्यात गेले. पाच थर निघाले: पांढरा, क्रीम, पोपटी, चॉकलेटी आणि तळाशी काळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं टाळलं. रंग सुटवणारा लेप थापायचा, प्लास्टिकने झाकून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी लाकडी पट्टीने खरवडायचा. पाणी लागलं की बीड तासाभरात तांबूस होतं. तवा ओला ठेवून आईची बोलणी खाल्लेल्यांना हे सांगायला नको.

वखारवाल्याने ही फायरप्लेस ‘जॉर्जियन’, म्हणजे ब्रिटनमधल्या साधारण अठराव्या शतकातली, म्हणून विकली होती. फुलांचे हार आणि मधोमध कलश बघून मीही मान डोलावली. स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्कजवळ 1759 मध्ये सुरू झालेल्या कॅरन या बिडाच्या कारखान्यात वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमचा भाऊ जॉन भागीदार होता. त्या काळच्या हॉब ग्रेटवर, म्हणजे मधे निखाऱ्यांची जाळी आणि दोन्ही बाजूंना किटली ठेवायला सपाट ओटे, अ‍ॅडम शैलीची अशीच उथळ, नाजूक रोमन वळणाची नक्षी असायची.

पण माझ्या तुकड्याला ओटे नाहीत. उलट तिरक्या बाजूंना टाइल सरकवायच्या खाचा आहेत! हे आधी दिसायला हवं होतं. 1850-60 च्या सुमाराच्या इन्सर्टला, म्हणजे भिंतीतल्या खोबणीत बसवायच्या बिडाच्या चौकटीला, साधी कमान असते. टाइलवाल्या तिरक्या बाजूंची चलती त्यानंतरची, 1870-80 च्या दशकांतली. तेव्हा जपानी वेड होतं: सूर्यफुलं, पंखे, पक्षी. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या बर्नार्ड, बिशप अँड बर्नार्ड्स या ओतकाम कारखान्यासाठी डिझायनर थॉमस जेकिलने केलेल्या जाळ्यांवरची गोल जपानी चिन्हं मला सगळ्यात आवडतात. शतक संपताना आर्ट नूवो शैलीचे लांब देठ आणि वळसेदार ट्यूलिप आले. (ते मला अजिबात झेपत नाहीत.)

मग हार-कलश कुठून आले? रविवारी पाठ साफ करताना उत्तर मिळालं. ब्रिटनमध्ये 1842 ते 1883 या काळात सरकारदरबारी नोंदवलेल्या नक्षीवर चौकटच्या पत्त्यासारखी खूण असते. इथे ती नाही, पण ‘आर-डी नंबर’, म्हणजे नक्षीचा नोंदणी क्रमांक, आहे. ही पद्धत 1884 पासूनची, आणि आकडा साडेतीन लाखांच्या जरा पुढचा, म्हणजे साधारण 1900. त्या सुमाराला अ‍ॅडमची नक्षी पुन्हा फॅशनमध्ये आली होती. म्हणजे साज त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, पण अंग व्हिक्टोरियन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. पैसे जरा जास्तच मोजले, पण ओतकाम इतकं स्वच्छ आहे की राग टिकला नाही.

आता ग्राफाइटच्या काळ्या पॉलिशचा पहिला हात झालाय. सहा इंची टाइल मात्र दहाही हव्यात, एकेका बाजूला पाच. सूर्यफुलांचा एक संच बघून ठेवलाय, पण हारांशेजारी तो विचित्र दिसेल. साध्या हिरव्या काचलेपाच्या लावाव्यात का? कुणी लावल्या असतील तर फोटो टाका.