आमची वाटचाल : बारा तालुक्यांची कागदावरची लीग

कोल्हापुरातल्या आमच्या जर्सीच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की भिंतीवर टांगलेल्या बारा जर्स्यांकडे बघत विचारतं, "ही लीग कुठं असते हो? शाहू स्टेडियमवर?" कुठंच नसते, असं सांगितलं की चेहरा पडतो. एकानं तर राधानगरी यंदा कितवी आली, हेही विचारलं होतं.

आमचे आबा पेंटर. तालमींचे फलक, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि बघता बघता ब्रश वाळले. मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं कोरल ड्रॉ शिकलो, धाकट्या भावानं कापडावर गरम दाबून छापायचं हीट प्रेस हप्त्यावर घेतलं आणि आम्ही जर्सीच्या धंद्यात उतरलो. कोल्हापुरात या धंद्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही इथल्या फुटबॉल संघांची नावं, आणि त्यांच्यामागे तालमी आहेत. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी आणि नेमार उभे राहतात.

पण खरं सांगायचं तर तेव्हा आम्ही नकला करत होतो. पोरं मोबाईलवर युरोपातल्या एखाद्या क्लबचा फोटो दाखवायची, "सेम असंच पाहिजे, फक्त नाव आमचं टाका." आम्ही टाकायचो. वाघ, सिंह, गरुड असे तीन प्राणी कॉम्प्युटरमध्ये तयार होते. रंग बदलला की नवा संघ झाला.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये प्रेस बंद आणि हप्ता चालू. त्या दिवसांत भाचा आमच्याकडे अडकला होता. त्यानं वहीत एक लीग मांडली. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके म्हणजे बारा संघ, प्रत्येकाशी एक सामना घरच्या मैदानावर आणि एक बाहेर, एकूण 132 सामने. निकाल फासे टाकून. एके दिवशी वही माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "मामा, यांना लोगो दे की."

वेळ होता म्हणून बसलो. पहिल्या फेरीत बारापैकी सात लोगोंवर किल्ला आला आणि त्यातल्या चारांवर वाघही. आबांनी चष्मा लावून सगळे बघितले. "ही सगळी माणसं एकाच गावची दिसतायत," एवढंच बोलले.

मग नियम केला : किल्ला एकालाच. तो पन्हाळ्याला गेला. विशाळगडामुळं शाहूवाडी आणि रांगण्यामुळं भुदरगड रुसले असतील, पण इलाज नव्हता. बाकीच्यांनी आपलं आपलं शोधायचं. चंदगडला काजू, आजऱ्याला घनसाळ भाताची लोंबी, गडहिंग्लजला मिरची. गगनबावड्याचं मला आजही कौतुक आहे. तिथला पाऊस कसा दाखवायचा म्हणून दोन दिवस थेंब काढत बसलो होतो. शेवटी ढालीचा आकारच पावसात डोक्यावरून घ्यायच्या इरल्यासारखा केला. आत काही नाही, नुसत्या तिरक्या रेघा. हातकणंगल्याला इचलकरंजीच्या मागाचा धोटा दिला आणि हुपरीच्या चांदीचा रंग. करवीरवर अंबाबाई घ्यावी असं भावाला वाटत होतं. मी नाही म्हटलं. जर्सी चिखलात लोळते, सामना झाल्यावर कुठंही फेकली जाते. देव तिथं नको. त्याऐवजी आखाड्याची गदा घेतली आणि जर्सी घरच्या सामन्याला तांबडी, बाहेरच्याला पांढरी. हे केलं नसतं तर कोल्हापुरात राहणं अवघड झालं असतं.

सगळ्यात जास्त वेळ राधानगरीनं खाल्ला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण तिथलं, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न असतो, "राधानगरीचं किती उघडलं?" लोगोत सात उभे पट्टे आणि त्याखाली पाणी, इतकं सोपं होतं. सातही उघडे दाखवले, कारण दिसायला ते जोरकस. आमच्या शिलाईचे मास्तर शिरोळ तालुक्यातले. त्यांनी कागद बघितला आणि उलटा करून ठेवला. धरणाचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. सात दरवाजे उघडले की त्यांच्या घरात काय होतं, हे त्यांनी 2019 च्या पुरात बघितलं होतं. मी दरवाजे बदलले नाहीत, पण शिरोळच्या लोगोत काय घ्यायचं ते मास्तरांवर सोडलं. खिद्रापूरच्या मंदिरातला स्वर्गमंडप घेतील असं वाटलं होतं. त्यांनी होडी घेतली. भाच्याच्या वहीत राधानगरी-शिरोळ सामन्याला त्या दिवसापासून 'पूर' असं नाव पडलं.

मास्तरांनी आणखी एक धडा दिला. लाल आणि हिरवा त्यांना नीट वेगळे दिसत नाहीत, दोऱ्याची रिळं ते चिठ्ठी वाचून घेतात. गडहिंग्लजची लाल आणि आजऱ्याची हिरवी जर्सी शेजारी ठेवली तर म्हणाले, "दोन्ही एकच संघ हाय की." साधारण बारा पुरुषांमागे एकाला असा त्रास असतो, म्हणजे दोन संघांच्या बावीस पोरांत एखादा निघायचाच. फुटबॉलच्या नियमांत एवढंच आहे की दोन्ही संघांचे आणि पंचांचे कपडे वेगळे ओळखू आले पाहिजेत, गोलकीपरचे सगळ्यांहून निराळे. कुणाला ओळखू आले पाहिजेत, ते आम्ही मास्तरांवरून ठरवलं. बारा संघांच्या 66 जोड्या होतात. प्रत्येक जोडी काळ्यापांढऱ्या रंगात छापून बघितली. ज्या जोडीत दोन्हींचा करडा सारखाच आला, तिथं एकाला बाहेरची जर्सी. पहिल्या खेपेला पाच संघ उसाच्या नादानं हिरवे झाले होते, ते इथंच कमी झाले.

जर्स्या प्रत्यक्ष छापायला घेतल्यावर निम्मे लोगो पडले. सब्लिमेशनची शाई कागदावर मळकट दिसते. साधारण 200 अंशांवर तिची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, तेव्हा रंग उमलतो. पण या शाईतून चांदी येत नाही. हुपरीची चांदी राखाडी आली, आणि हातकणंगले राखाडीच राहिलं. करवीरचा तांबडा पहिल्यांदा चक्क शेणकाल्यासारखा निघाला. दोष माझ्या मॉनिटरचा होता. तेव्हापासून भिंतीला कापडावर छापलेला रंगांचा तक्ता आहे, आणि गिऱ्हाइकानं स्क्रीनवर नव्हे, त्या तक्त्यावर बोट ठेवायचं.

भरतकामात तर 'गडहिंग्लज'नं रडवलं. सहा सेंटिमीटरच्या लोगोत तो 'ग्ल' टाक्यांनी बुजून जायचा. त्यातून अक्षरं गोलात. गोलाच्या वरच्या कडेनं अक्षरं लावली की कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर वेगळं वळवतो आणि शिरोरेषा सांध्यात तुटते, खालच्या कडेला अक्षरं डोक्याशी एकमेकांत घुसतात. आबा मागं उभे होते. त्यांनी कंपास घेतला. "आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. तुमचं उलटं चाललंय." चाळीस वर्षं ट्रकवर अक्षरं काढलेला माणूस. बाराही नावं त्यांनी हातानं लिहिली, मी ती स्कॅन करून घेतली. 'ग्ल'मध्ये त्यांनी जी फट ठेवलीय, ती कुठल्याही फॉन्टात मिळणार नाही.

पुढं बाराही जर्स्यांचे फोटो मोबाईलवरून फिरले आणि खरी कामं यायला लागली. शाळांची, गावच्या स्पर्धांची, एका कारखान्याच्या संघाचं. लोगोचे वेगळे पैसे सांगितले की अजून ऐकावं लागतं, "ते कॉम्प्युटर काढतंय, त्याचे कसले पैसे?" आता आम्ही वाद घालत नाही, काळ्यापांढऱ्या जोड्यांची फाईल पुढं ठेवतो. आमचा इरल्याचा लोगो एका स्पर्धेत दुसऱ्याच कुणीतरी छापलेल्या जर्सीवर दिसला, खाली नाव भलतंच. मी भांडायला निघालो होतो. आबांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "शिरोरेषा तोडलीय गाढवानं."

गेल्या वर्षी राधानगरीकडचा एक पोरगा आला. गावात संघ काढलाय, भिंतीवरचा तोच लोगो पाहिजे, अठरा जर्स्या. काल्पनिक संघ पहिल्यांदाच खराखुरा मैदानात उतरणार म्हणून मी सवलतीचं बोलायला लागलो, तर त्याचं लक्ष लोगोकडेच.

"एक बदल करा. सगळे दरवाजे उघडे नकोत. दोनच ठेवा."

"का रे?"

"शिरोळात बहीण दिलीय."

मास्तर मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला. मी दोन ठेवले.