परसबाग अपडेट 3: 48 फूट जाळी आणि बुजवलेले दोन खड्डे

मागच्या वेळी सांगितलं तसं परसबागेच्या कुंपणाला तारेच्या जाळीचा 50 फुटी रोल आणला, दोन्ही टोकं पाइपला गुंडाळण्यात एकेक फूट गेला, हातात राहिली 48. जागा गावची, मागे चिऱ्याचा गडगा (दगडी भिंत), 36 फूट सरळ. मधेच मोकळ्यावर चौकोन केला असता तर 12 बाय 12, म्हणजे 144 चौरस फूट, गडगा चौथी बाजू धरला की तीच जाळी 288 ला जाते, थेट डबल! कागदावर करून बघितलं, गडग्यापासून 10 फूट पुढे आलो तर 280, 14 आलो तरी 280, बरोब्बर 12 ला 288. खूश होऊन कोपऱ्याच्या खांबांसाठी दोन खड्डे खणले पण. जांभा आहे, पहारीने हात सोलून निघाले.

रात्री डोक्यात आलं की आयतच कशाला? अर्धगोल केला तर जवळपास 367 मिळतात. (कार्थेजच्या राणी डायडोची दंतकथा ऐकली असेल, बैलाच्या कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांनी जमीन घेरली ती, गणितवाले ती समुद्रकिनारा धरून सांगतात, तेच हे.) पण चेनलिंक (ही तारेची जाळी) ताणली की सरळच होणार, गोलाईला दर तीन-चार फुटांवर खांब, परवडत नाही राव.

मग मधला मार्ग, अर्धा षटकोन. 16-16-16 अशा तीन बाजू, कोपऱ्याचे खांब तेवढेच दोन आणि जागा 332! म्हणजे आयतापेक्षा 44 चौरस फूट फुकटात. वर कोन 120 चा असल्याने खांबावरचा ओढा काटकोनापेक्षा कमी, टेकू एकच पुरला.

आखणीला कोनमापक वगैरे काही नाही. गडग्यावर मधोमध खूण, तिथून दोन्हीकडे 16 फुटांवर खुंट्या, मग 16 फुटी सुतळीने मधल्या खुणेवरून आणि खुंटीवरून चुन्याचे कंस मारायचे, कापतील तिथे खांब. पहिल्यांदा नायलॉनची दोरी घेतली होती, ती ताणली जाते, चार इंच फरक आला, सुतळीच घ्या.

जाळीचं एक टोक गडग्याला पक्कं केलं, दुसरं नुसतं हुकात अडकवलंय, तेच दार. आत दोडका आणि चवळी पेरून झाली. जुने दोन खड्डे कुंपणाबाहेर राहिले, बुजवले, एकात भाच्याने शेवग्याची फांदी खोचलीये, शेजारच्या शेळ्या तिच्याकडे बघून आहेत.