प्राणीनायकांच्या साहसकथा : आखाजी ते मृग, वाचनाची नोंद

या उन्हाळ्यात माझी एक कसोटी पक्की झाली. प्राणी नायक असलेली कादंबरी हाती आली की मी आधी एवढंच बघतो : या उंदराच्या किंवा सशाच्या जागी माणूस ठेवला, तर गोष्ट जशीच्या तशी चालेल का? चालत असेल तर ती गोष्ट माणसांचीच, वरून फक्त कातडं पांघरलेलं. नायकाचं नाक, कान, मिशा, पंख, त्याची अंगभूत भीती यांच्यामुळे कथानक वळत असेल, तर मात्र ते पुस्तक हातचं सोडवत नाही.

मागच्या नोंदीत 'रेडवॉल' या उंदराच्या कादंबरीपाशी थांबलो होतो. मध्यंतरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली, तिची मुलंही आली. खानदेशातल्या आमच्या शहाद्याच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून दुपारी आपलं आपण वाचन आणि रात्री गच्चीवर मोठ्यानं, अशा दोन पाळ्या लागल्या. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत.

'वॉटरशिप डाउन' पुन्हा वाचून संपवलं. रिचर्ड अ‍ॅडम्सची ही 1972ची कादंबरी. मोटारीच्या प्रवासात स्वतःच्या मुलींना सांगितलेल्या गोष्टीतून ती उभी राहिली. फायव्हर नावाच्या किरकोळ अंगाच्या सशाला संकटाची चाहूल लागते आणि त्याचा भाऊ हेझल मूठभर सशांना घेऊन बीळ सोडतो, इथून सुरुवात. नवं गाव वसवायला निघालेल्या माणसांच्या कितीतरी कथा आपण वाचल्या आहेत, पण हे ससे ससेच राहतात. चारपर्यंतच मोजतात, त्यापुढचं सगळं असंख्य. भीती फार झाली की पळायचंही भान जातं आणि जागच्या जागी थिजतात. अ‍ॅडम्सनं यासाठी आर. एम. लॉकली या निसर्गअभ्यासकाचं सशांवरचं पुस्तक आधाराला घेतलं होतं, आणि ते पानोपानी जाणवतं.

यातला नदीचा प्रसंग मी सावकाश वाचला. मागे रानात कुत्रा मोकाट सुटलाय, पुढे पाणी. धडधाकट ससे पोहून जातील, पण फायव्हर आणि पिपकिन दमलेले, त्यांच्यात पोहायचं बळ नाही. तेवढ्यात ब्लॅकबेरी या सशाला काठावर पडलेली फळी दिसते. फळी तरंगते, म्हणजे तिच्यावर बसलेला ससाही तरंगेल, हे फक्त त्याच्या डोक्यात येतं. बाकीच्यांना तो काय बोलतोय ते कळतच नाही, खुद्द हेझललाही नाही. दोघांना फळीवर बसवून ती पाण्यात ढकलतात, तरी एका डोक्यात उजेड पडलाय आणि बाकीची डोकी अजून अंधारातच आहेत. मी इथे थांबून मुलांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? भाचा लगेच म्हणाला, "मामा, केळीचा खांब टाकायचा ना पाण्यात!" तापीकाठच्या पोराला तराफा शिकवावा लागत नाही. सशाला मात्र तो शून्यातून शोधून काढावा लागतो, आणि त्या प्रसंगाची सगळी गंमत त्यातच आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी काही भाग गाळावा लागेल. जुन्या बिळांत विषारी वायू सोडल्याची हकिकत आणि जनरल वूंडवर्ट या दांडग्या, क्रूर सशाशी झालेली झुंज, दोन्ही अंगावर येतात.

'रेडवॉल' माझ्या कसोटीला उतरत नाही, तरी शिफारस करतोच. ब्रायन जॅक्सचा मॅथायस हा उंदीर मठात राहतो, तलवार शोधतो, क्लूनी नावाच्या घुशीच्या फौजेशी लढतो. त्याच्या जागी माणसाचा पोरगा चालला असता. पण जॅक्स लिव्हरपूलमध्ये दूध पोचवायचा, त्या वाटेवर अंध मुलांची शाळा होती आणि त्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी त्यानं हे लिहिलं. म्हणून वास, चव, आवाज यांची नुसती रेलचेल. 1986मध्ये पहिलं पुस्तक आलं, पुढे मालिका बावीसपर्यंत गेली. मोठ्यानं वाचायला याच्याइतकं सोपं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. मठातल्या पंगतीचं वर्णन ऐकून मुलांनी आमरस आणि खापरावरचे मांडे पुन्हा करायला लावले, एवढं सांगितलं तरी पुरे.

केनेथ ओपेलचं 'सिल्व्हरविंग' (1997) ही या खेपेची सर्वांत मोठी कमाई. नायक शेड हे वटवाघळाचं अशक्त पिल्लू. वटवाघळांना सूर्य बघायला बंदी आहे आणि ती बंदी घुबडं अमलात आणतात. शेडला सूर्य बघायचाच असतो, आणि सगळं रामायण तिथून सुरू होतं. स्थलांतराची वाट त्याला आई प्रतिध्वनींच्या नकाशातून देते : डोंगर, दिवे, मनोरे, सगळं आवाजात. वादळात कळपापासून तुटल्यावर शेडकडे तेवढाच नकाशा उरतो. असा नकाशा माणसाला देताच येणार नाही, म्हणून हे पुस्तक माझ्या कसोटीवर शंभर नंबरी. वाचून दाखवताना एक सांगावं : आपल्याकडे वडा-पिंपळावर दिवसा लटकणारी मोठी, फळं खाणारी वटवाघळं बहुतेक डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. प्रतिध्वनीवर उडतात त्या संध्याकाळी दिव्याभोवती किडे टिपणाऱ्या लहान जाती.

कॅथरिन लास्कीच्या 'गार्डियन्स ऑफ गाहूल'चा पहिला भाग (2003) झाला, दुसरा अर्ध्यावर आहे. सोरेन हे गव्हाणी घुबडाचं पिल्लू घरट्यातून खाली पडतं आणि त्याला पळवून एका भयानक 'अनाथालयात' नेतात. तिथे पिल्लांना कामाला जुंपतात ते ओकलेल्या गोळ्या फोडायला. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून ओकतं, त्याच या गोळ्या. इतकं खरं, इतकं घुबडाचंच काम लेखिकेला सुचलं याचं मला कौतुक वाटतं. पुढच्या भागांत लढायाच जास्त आहेत असं ऐकतो, बघू.

घुबडांचा विषय निघालाच आहे, तर शहादेकरानं रानपिंगळा या छोट्या घुबडाबद्दल न बोलून कसं चालेल? 1884मध्ये जेम्स डेव्हिडसननं याच खानदेशात त्याचा नमुना गोळा केला आणि त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसा झाला. मधल्या काळात मायनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1914 साली गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईनं तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला निघाला. खोटं ठिकाण वगळून खऱ्या जुन्या ठिकाणांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997मध्ये आमच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, 113 वर्षांनी तो दिसला. हरवलेला नायक, खोटा पुरावा, चोरी, शोध; कादंबरीला आणखी काय लागतं? त्यात रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. म्हणजे 'सिल्व्हरविंग'मधल्या वटवाघळांना ज्या सूर्याची बंदी, तोच याचा कामाचा वेळ. ही हकिकत मी पिंगळ्याच्या बाजूनं सांगायला घेतली आहे आणि मुलांसोबत वहीत तिचे प्रसंग जुळवतोय. माणसं एकशे तेरा वर्षं त्याला हरवलेला समजत होती, तो मात्र सागाच्या रानात रोज सकाळी सरडे धरत होता, हे सूत्र पक्कं झालं. रात्री गोष्ट थांबली की आई खालून विचारते, "मंग काय व्हयनं?" म्हणजे जमतंय.

भारतीय पुस्तक हवं असेल, तर निलंजना रॉय यांचं 'द वाइल्डिंग्ज' (2012) डोळे मिटून घ्या. दिल्लीच्या निजामुद्दीनमधली मांजरं मिशांतून एकमेकांना संदेश पाठवतात. मारा नावाच्या घरातल्या पिल्लात ही शक्ती एवढी जबर की अख्खा मोहल्ला हादरतो. प्रभा मल्ल्या यांची चित्रं सुरेख आहेत. मात्र बंद घरातली जंगली मांजरं बाहेर पडतात तिथून रक्तपात बराच, लहानांना एकट्यानं वाचू देऊ नका.

मराठीतून काय, असं विचारणाऱ्यांना व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' (1982). यात अद्भुत काही नाही. वानरांच्या टोळ्या, हद्द, सत्ता, एवढंच. पण प्राण्याला माणूस न बनवता नायक कसं करायचं हे शिकायला ते आधी वाचावं आणि मग वरच्या पुस्तकांकडे वळावं. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला तो उगीच नाही.

पुढच्या खेपेला 'सिल्व्हरविंग'चा दुसरा भाग 'सनविंग' आणि टॅड विल्यम्सचं 'टेलचेझर्स साँग' (1985). तोवर माझी एक मागणी आहे : साप, कासव किंवा मासा नायक असलेली चांगली लांब साहसकथा कुणी वाचली असेल, तर नाव कळवा. थंड रक्ताचा नायक माझ्या यादीत अजून एकही नाही, आणि भाचीनं कासवाचा हट्ट धरलाय.