किड्यांची सर्कस जत्रेत कुठे अडते

पेटीतली यांत्रिक किड्यांची सर्कस, म्हणजे फळीखाली फिरणाऱ्या चुंबकाने वरचे किडे चालवण्याचा खेळ, घरच्या टेबलावर झकास चालते आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत तासाभरात अडते. मोटर बहुधा ठीकच असते. घात होतो तो फळीवरचा किडा आणि फळीखालचा चुंबक यांच्यातल्या फटीत.

रिंगणाला 3 मिमीचा प्लाय पुरतो. किड्याच्या पोटाला 6 मिमी व्यासाचा नियोडिमियम चुंबक, खाली फिरत्या दांड्यावर 10 मिमीचा. अंतर 5 मिमीच्या वर गेलं की मुंगळा वळणावर सुटतो. खानापूरकडच्या पावसाळी हवेत प्लाय फुगतो, म्हणून पॉलिश दोन्ही बाजूंनी मारायचं; एकाच बाजूला मारलं तर फळी पापडासारखी वाकते. फळीत लोखंडी खिळा एकही नको, किडा तिथेच चिकटून बसतो. पितळी स्क्रू वापरा.

त्यात जत्रेतली धूळ. तिच्यातले लोहाचे बारीक कण चुंबकाला दाढीसारखे लोंबतात आणि रिंगणाचा रंग खरवडतात. फडक्याने ते निघत नाहीत. चिकटपट्टी दाबून उचलायचे, दर दोन खेळांनंतर.

पाय 26 गेजच्या पितळी तारेचे. डाख दिल्यावर (सोल्डर केल्यावर) फ्लक्स, म्हणजे डाख धरायला लावलेला लेप, धुतला नाही तर आठवड्यात सांधे हिरवे पडतात. चाल खरी वाटायला हवी तर एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय एकदम उचलला पाहिजे. उरलेले तीन त्याच्या उलट. मात्र पाय जमिनीला टेकवू नका, केसभर वर लोंबू द्या. टेकले की अडकतात. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

वीज जनरेटरची घेऊ नये, व्होल्टेज नाचतं. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी बरी. अर्धा अँपिअर ओढला तर निम्मी संपायला सात तास लागतात, आणि निम्म्याखाली तिला नेऊच नये.

टोळाची उडी मोटरच्या कॅमवर, म्हणजे मोटरबरोबर फिरत ठराविक वेळी धक्का देणाऱ्या चकतीवर, ठेवणं ही आपल्या भागात हमखास होणारी चूक. इथे सूत्रधार आधी मराठीत पुकारतो, मग 'बर्री, नोड्री' म्हणत कन्नडमध्ये. कॅम त्याच्यासाठी थांबत नाही. कन्नड वाक्य अर्धवट असतानाच टोळ उडून मोकळा होतो आणि निम्मी गर्दी विचारते, काय झालं? स्प्रिंग आधीच ताणून खटक्यात अडकवावी, आणि खटक्याची दोरी पेटीखालून पायाच्या पट्टीला बांधावी.